एजंटला वेळ सांगणारं टूल : त्याचं वर्णन कसं लिहावं?

पावणेसहा
१५ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१२

मंडळी, चार ओळींच्या एका मजकुरावर आठवडाभर बसलोय आणि अजून समाधान होत नाही, म्हणून धागा काढतोय.

आधी प्रसंग सांगतो. न्यू जर्सीतल्या एका मंडळाची शनिवारची मराठी शाळा आहे. मुलं तिकडे, शिकवणाऱ्या तिघी ताई पुण्यात, सगळं ऑनलाइन. तिकडचा शनिवार सकाळी १० चा वर्ग, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. वर्गाच्या वेळा कळवणं, सुट्ट्या लक्षात ठेवणं, गृहपाठाची आठवण करणं यासाठी मी त्यांना एक एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा मदतनीस प्रोग्राम, बांधून दिलाय. भाषेच्या मॉडेलला स्वतःचं घड्याळ नसतं. त्याचं शिकणं जिथे थांबलं तिथेच त्याचं कॅलेंडरही थांबतं. आज कोणता वार असं विचारलं तर ते अंदाजाने काहीतरी सांगून मोकळं होतं, आणि तेही ठामपणे. म्हणून त्याच्या हाताशी वेळ सांगणारं टूल, म्हणजे त्याला गरजेप्रमाणे बोलावता येणारा छोटा प्रोग्राम, द्यावं लागतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एजंटला बाहेरची साधनं जोडण्यासाठी एमसीपी नावाचा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्याच्याबरोबर नमुन्यादाखल जे सर्व्हर मिळतात त्यात 'टाइम' नावाचाही एक आहे. एक टूल चालू वेळ देतं, दुसरं एका टाइमझोनमधली वेळ दुसऱ्या टाइमझोनमध्ये करून देतं. त्याच धर्तीवर मी पायथन या संगणकभाषेत आमचं घरगुती टूल लिहिलं. कोडमध्ये नावं इंग्रजीत आहेत, इथे मराठीत लिहितो: 'आत्ताची_वेळ' आणि 'वेळ_बदल'.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला वर्ग ८ नोव्हेंबरला होता. ३० ऑक्टोबरला, गुरुवारी, एका ताईंनी एजंटला विचारलं, "८ तारखेचा वर्ग आपल्याकडे किती वाजता?" एजंटने टूल बोलावलं, उत्तर दिलं: साडेसात. ८ तारखेला ताई स्वयंपाक लवकर आटोपून साडेसातला बसल्या. स्क्रीनवरच्या फळ्यावर 'क'ची बाराखडी लिहून ठेवलेली, आणि समोर एकही मूल नाही. पूर्ण एक तास. अमेरिकेतली घड्याळं, दर हिवाळ्याआधी जातात तशी, २ नोव्हेंबरला एक तास मागे गेली होती. बरोबर वेळ साडेआठ होती.

त्या रात्री लॉग उघडला. नोंद अशी होती:

वेळ_बदल → कुठून: अमेरिका/न्यू_यॉर्क, वेळ: १०:००, कुठे: एशिया/कोलकाता
उत्तर → १९:३०, फरक: +९.५ तास

या नोंदीत चूक शोधून सापडत नाही. ३० ऑक्टोबरच्या दिवशी ते उत्तर अगदी बरोबर होतं. टूलला तारीख मिळाली नाही, कारण तारीख घ्यायची सोयच मी ठेवली नव्हती. ते आजची तारीख धरून चालतं. हे मला माहीत होतं, ती ओळ मीच लिहिलेली. रीडमीतही (टूलबरोबरच्या माहितीपत्रकात) स्वच्छ लिहिलं होतं, खाली 'मर्यादा' या मथळ्याखाली.

पण मॉडेल रीडमी वाचत नाही. मॉडेलला मिळते ती टूल्सची यादी. प्रत्येक टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटरांची स्कीमा (टूलला कोणती माहिती, कोणत्या रूपात द्यायची ते), एवढ्यावर ते ठरवतं की हे टूल बोलवायचं की नाही, कशासाठी, आणि आलेल्या उत्तरावर किती विसंबायचं. आमचं वर्णन काय होतं? "एका टाइमझोनमधली वेळ दुसऱ्या टाइमझोनमध्ये बदलून देते." हे वाक्य माणसाला पुरतं, कारण माणूस एकदा तोंडघशी पडला की पुढच्या खेपेला लक्षात ठेवतो. मॉडेल ते वर्णन दरवेळी पहिल्यांदाच वाचतं. ८ नोव्हेंबरला काय झालं ते त्याला ९ नोव्हेंबरच्या नव्या संभाषणात ठाऊक नसतं.

म्हणजे त्या चार ओळी हेच खरं डॉक्युमेंटेशन. ते दर विनंतीबरोबर मॉडेलपुढे जातं, म्हणून लांबवता येत नाही, आणि त्यात नसलेली गोष्ट मॉडेलच्या लेखी जगातच नसते.

'वेळ_बदल'मध्ये तारीख आता सक्तीची केली आहे. ते काम दहा मिनिटांचं होतं. अडलोय ते वर्णनात काय ठेवावं आणि काय गाळावं यावर. ज्यांनी असली टूल्स लिहिली आहेत त्यांनी आपापले अनुभव सांगावेत. कुठे फसलं, आणि नेमकं कोणतं वाक्य घातल्यावर सुटलं, हे कळलं तर फार उपयोग होईल.

---

शिकतेय_अजून
१५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: मॉडेल रीडमी वाचतच नसेल तर ते लिहायचं कशाला?

---

पावणेसहा
१५ नोव्हेंबर, रात्री ९:५१

शंका बाळबोध नाही, मी स्वतः यातच अडखळलो होतो. टूल बसवणारा माणूस रीडमी वाचतो: कोणती पायथन लागते, सुरू कसं करायचं, कॉन्फिगमध्ये काय लिहायचं. टूल वापरणारं मॉडेल वर्णन वाचतं. मी दोघांसाठी एकच मजकूर लिहिला आणि वर्णनात त्याचा फक्त मथळा टाकला.

---

दादरची_पहाट
१६ नोव्हेंबर, पहाटे ४:४८

धागा अगदी जिव्हाळ्याचा. आमच्याकडची गडबड 'आत्ताची_वेळ'सारख्या टूलमध्ये झाली.

दादरच्या फूल बाजारातल्या काही व्यापाऱ्यांसाठी आम्ही आवक नोंदवणारा एजंट केला. फोनवर बोलायचं: "झेंडू ४० क्रेट, शेवंती १५." तो तारीख घालून नोंद करतो आणि विचारलं की बेरीज सांगतो. टूलच्या वर्णनात लिहिलं होतं, "सध्याची स्थानिक वेळ देते."

कुणाची स्थानिक? आमचा सर्व्हर कंटेनरमध्ये चालतो आणि कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ पासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीमध्ये कालचीच तारीख असते. ऑफिसची कामं करणाऱ्या एजंटमध्ये हे वर्षभर कुणाच्या लक्षात येणार नाही. फुलांच्या बाजारात कामाची वेळच ती. गाड्या अंधारात लागतात, पहाटे चारला बाजार भरात असतो. त्यामुळे पहाटेची सगळी आवक कालच्या तारखेला जमा व्हायची, आणि "आज शेवंती किती आली?" या प्रश्नावर कालचा आकडा मिळायचा. आकडा खोटा वाटण्यासारखा नसायचा, ही खरी पंचाईत. आम्ही सकाळी १० वाजता तपासायला बसलो की सगळं ठीक दिसायचं. चुकलेली तारीख साडेपाच वाजले की आपोआप बरी होत होती! शेवटी एका व्यापाऱ्याच्या हातवहीशी ताळा केला तेव्हा कळलं.

आम्ही तीन बदल केले. टाइमझोन पॅरामीटर सक्तीचा केला, काही न देता टूल बोलावता येणारच नाही. उत्तरात टाइमझोनचं नाव आणि वारही द्यायला लागलो, कारण तारखेवरून वार काढताना मॉडेलं गडबडतात. आणि वर्णनात हे लिहिलं:

"टाइमझोन दरवेळी द्या. हे टूल ज्या यंत्रावर चालतं त्याची वेळ म्हणजे वापरणाऱ्याची वेळ नव्हे. वापरणारा कुठे आहे हे संभाषणातून कळत नसेल तर अंदाज न करता त्यालाच विचारा."

तिसऱ्या वाक्याने सगळ्यात मोठा फरक पडला. त्याआधी मॉडेल गुपचूप एखादा टाइमझोन धरून चालायचं.

---

रिकामा_स्टॅक
१६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही सगळे टूलचं वर्णन घासताय, पण मुळात टूल हवंच कशाला? संभाषण सुरू होताना सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांमध्ये) "आज अमुक तारीख, अमुक वार, वापरणारा पुण्यात" अशी ओळ टाका. मॉडेलने टूल बोलवायचं विसरण्याचा प्रश्न नाही, एक फेरी वाचते, वर्णनाचे टोकनही (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) वाचतात. माझ्या तीन प्रकल्पांत एवढ्यावर भागतं.

---

पावणेसहा
१६ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

रिकामा_स्टॅक, तारखेपुरतं तुमचं म्हणणं पटतं, आणि ती ओळ मी आता घालणारच आहे. पण वेळ तिथे ठेवली की दोन अडचणी येतात.

पहिली म्हणजे प्रॉम्प्टचा सुरुवातीचा भाग जसाच्या तसा राहिला तरच त्याचा कॅश, म्हणजे आधीच्या वाचनाचा साठवलेला हिशोब, वापरता येतो. मिनिट-सेकंदासकट वेळ वरच लिहिली तर दर विनंतीला तो भाग बदलतो आणि त्यानंतरचा सगळा मजकूर पुन्हा मोजला जातो. वाचवलेल्या टोकनांपेक्षा जास्त खर्च होतो. तारीख दिवसातून एकदाच बदलते म्हणून ती चालते.

दुसरी जास्त महत्त्वाची. आमच्या ताई सकाळी उघडलेलं संभाषण रात्रीपर्यंत तसंच चालू ठेवतात. सकाळी ९ ला "वर्गाला किती वेळ आहे?" विचारलं, रात्री ८ ला तेच विचारलं, आणि एजंटने वर जाऊन सकाळचीच वेळ उचलली. टूल होतं तरी! कारण एकदा मिळालेली वेळ मॉडेलच्या दृष्टीने 'माहीत असलेली' गोष्ट झाली. त्यामुळे वर्णनात ही ओळ घालावी लागली: "उत्तर फक्त त्या क्षणापुरतं खरं आहे. पुन्हा वेळ लागली की पुन्हा बोलवा, आधीचं उत्तर वापरू नका." प्रॉम्प्टमधल्या वेळेला तर पुन्हा विचारण्याची सोयच नाही.

---

रिकामा_स्टॅक
१६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

कॅशचा मुद्दा मान्य. माझी संभाषणं पाच मिनिटांत संपतात म्हणून मला ही अडचण आली नसावी. तारीख प्रॉम्प्टमध्ये आणि वेळ टूलमध्ये, ही विभागणी मला पटली. पण मग वर्णनात तेही लिहा की नुसती तारीख हवी असेल तर टूल बोलवू नका. नाहीतर "शुभ सकाळ" म्हटलं तरी एजंट घड्याळाकडे धावतो.

---

गिरगावकर
१६ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

मी संगणकवाला नाही, निवृत्त माणूस आहे. पण वेळेचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

माझा भाचा असल्याच एका एजंटशी बोलत होता. आमच्या आईचा जन्म १९४३ चा, मुंबईचा. पत्रिकेसाठी त्याने विचारलं, "तेव्हाचे सकाळचे ७:१० म्हणजे आजच्या हिशोबाने किती?" एजंट म्हणाला, "भारतात एकच प्रमाणवेळ आहे, त्यामुळे ७:१० च." हे साफ चूक आहे.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. पण मुंबईने ती लगेच स्वीकारली नाही. 'मुंबई टाइम' म्हणून वेगळी वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती शहरात १९५५ पर्यंत वापरात होती. घरातली मोठी माणसं वेळ सांगताना "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" असं विचारत, हे मी ऐकलंय. त्यात दुसऱ्या महायुद्धात प्रमाणवेळच एक तास पुढे केली होती, १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणून त्या वर्षांतली जन्मवेळ दिली की जुने ज्योतिषी आधी युद्धकाळाचा तास वजा करतात. आईची वेळ कोणत्या घड्याळाची होती हे कागदावर लिहिलेलं नाही, तेव्हा खरं उत्तर "सांगता येत नाही" हेच आहे.

तुमच्या टूलला हे माहीत असतं का?

---

पावणेसहा
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

गिरगावकर काका, फार मोलाची माहिती दिलीत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मलाच नवं शिकायला मिळालं.

ही सगळी टूल्स टाइमझोनच्या एका सार्वजनिक डेटाबेसवर उभी आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, आता पॉल एगर्ट सांभाळतात, आणि २०११ पासून तो आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. 'एशिया/कोलकाता' हे नाव तिथलंच. युद्धकाळातला वाढीव तास त्यात नोंदलेला आहे: त्या काळासाठी तो +६:३० देतो. मुंबई टाइम मात्र त्यात नाही. त्या डेटाबेसात झोन पाडले आहेत ते १९७० नंतर कुठली घड्याळं एकसारखी चालली यावरून. त्यामुळे १९७० च्या मागे 'एशिया/कोलकाता' म्हणजे कोलकात्याचा इतिहास, गिरगावचा नव्हे.

म्हणजे टूलने १९४३ ची तारीख घेऊन दिलेलं उत्तर व्यवस्थित दिसलं असतं आणि तरी आईंच्या बाबतीत चुकीचं असू शकलं असतं. वर्णनात एक ओळ वाढवतोय: "१९७० पूर्वीच्या स्थानिक वेळांसाठी वापरू नका, तेव्हा शहरागणिक वेगळी घड्याळं होती हे सांगा." टूल काय करत नाही हे लिहायला हवं हे मला तुमच्या प्रतिसादामुळे कळलं.

---

थेम्सकाठी
१६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

लंडनहून लिहितेय. वर्णन इंग्रजीत असलं तरी विचारणारी माणसं मराठी आहेत, हा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढते.

आपल्या वेळा मोडून ठेवलेल्या असतात. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. टूलला हवं २४ तासांचं १७:४५, माणूस म्हणतो "पावणेसहा". मधलं भाषांतर मॉडेल करतं, आणि आमच्या वापरातल्या छोट्या मॉडेलने पावणेसहाचं १८:१५ केलेलं मी पाहिलंय. टूल बिचारं १८:१५ चं उत्तर बरोबर देतं.

मग "परवा". मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत हे आपलं भाग्य, पण परवा दोन्हीकडचा. "परवा वर्ग झाला का?" आणि "परवा वर्ग आहे का?" यात दिशा फक्त क्रियापदावरून कळते. "परवाचा वर्ग किती वाजता?" असं विचारलं तर माणसालाही थांबून विचारावं लागतं.

आणि रात्र! आई फोनवर म्हणते, "शनिवारी रात्री दीडला विमान आहे." कॅलेंडरने तो रविवार १:३०. आपल्या मनात दिवस अजून सूर्योदयालाच बदलतो, पंचांगात तर तो तसाच धरतात. एजंटने शनिवार १:३० ची आठवण लावली, म्हणजे अख्खा दिवस आधी.

मी पॅरामीटरच्या वर्णनात एक वाक्य घातलं: "वापरणाऱ्याने तोंडी सांगितलेली वेळ आणि तारीख टूलला देण्याआधी पूर्ण स्वरूपात त्याला वाचून दाखवा." तेव्हापासून एजंट म्हणतो, "म्हणजे रविवार २३ नोव्हेंबर, पहाटे १:३०, बरोबर?" आई लगेच हो किंवा नाही सांगते.

---

रिकामा_स्टॅक
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

थेम्सकाठी, मुद्दा चोख आहे, पण हे टूलच्या वर्णनात का? ही एजंटची वागणूक झाली, ती सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये शोभते. टूलचं वर्णन टूलबद्दलच असावं. शिवाय देवनागरी शब्दांना टोकन जास्त लागतात.

---

थेम्सकाठी
१७ नोव्हेंबर, दुपारी १:५०

टूल एक आणि ते वापरणारे एजंट चार, अशी माझी स्थिती आहे. चौघांचे प्रॉम्प्ट माझ्या हातात नाहीत, टूलचं वर्णन आहे. ज्याच्या हातात प्रॉम्प्ट आहे त्याने तिथे लिहावं, हे मान्य. मी देवनागरी शब्द घातलेच नाहीत, फक्त "वाचून दाखवा" एवढं सांगितलं. पावणे-साडेची यादी देऊन पाहिली होती, पण त्या वाक्याएवढा तिचा उपयोग झाला नाही.

---

सातारारोड
१७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सगळ्यांनी वर्णनावर लिहिलंय, मी एररवर लिहितो. एररचा मजकूर हासुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे, आणि तो नेमका अडल्या क्षणी वाचला जातो.

आमच्या टूलला मॉडेल हमखास 'आयएसटी' पाठवायचं. आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, आयर्लंडचीही आणि इस्रायलचीही. डेटाबेसात त्या नावाचा झोन नाही, त्यामुळे पायथनचं टाइमझोन हाताळणारं झोनइन्फो तो नाकारतं. आमची एरर होती "अवैध टाइमझोन". त्यावर मॉडेलने काय करावं? कधी यूटीसी टाकून बघायचं, कधी हात वर करून "वेळ मिळत नाही" म्हणायचं. आता एरर अशी आहे:

"'आयएसटी' संदिग्ध आहे. पूर्ण नाव द्या. भारतासाठी एशिया/कोलकाता, आयर्लंडसाठी युरोप/डब्लिन, इस्रायलसाठी एशिया/जेरुसलेम."

पुढच्याच फेरीत मॉडेल योग्य नाव घेऊन येतं. फक्त एक पथ्य पाळा: एमसीपीमध्ये अशी चूक टूलच्या उत्तरातच, एररची खूण लावून परत करायची असते. प्रोटोकॉलच्या पातळीवर एरर फेकलीत तर ती बहुधा मॉडेलपर्यंत पोहोचत नाही आणि तुमचं छान वाक्य वाया जातं.

अजून दोन बारीक गोष्टी. 'एशिया/कलकत्ता' हे जुनं नावही चालू द्या, क्रोम ब्राउझर अजून तेच देतो. आणि अस्तित्वात नसलेली वेळ पकडा. न्यू यॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटेचे २:३० वाजणारच नाहीत, घड्याळ २ वरून थेट ३ वर जातं. पायथन याबद्दल तक्रार करत नाही, शांतपणे एक उत्तर देऊन टाकतं. ते तुम्हालाच तपासावं लागेल.

रीडमीत, माणसासाठी: विंडोजवर टाइमझोनचा डेटा पायथनला आयता मिळत नाही, त्याचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. नवा माणूस पहिल्या अर्ध्या तासात तिथेच अडकतो.

---

शिकतेय_अजून
१७ नोव्हेंबर, रात्री ८:४५

उत्तरात एररची खूण लावून परत करायचं, हे मला कुठेच सापडलं नव्हतं. मी दोन दिवस एरर फेकत बसले होते आणि मॉडेल काही सुधारत का नाही ते कळत नव्हतं. खूप आभार.

---

पावणेसहा
१९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

सगळ्यांचे प्रतिसाद समोर ठेवून दोन रात्री बसलो. पहिला मसुदा तीस ओळींचा झाला, तुमचं प्रत्येक वाक्य त्यात होतं. मॉडेलला दिला तर ते साध्या प्रश्नालाही बिचकायला लागलं, दर उत्तराआधी दोन प्रश्न विचारायचं. मग एकेक वाक्य काढून तेच ते प्रश्न विचारत गेलो. जे काढल्यावर उत्तर बिघडलं ते परत ठेवलं, जे काढूनही काही बिघडलं नाही ते रीडमीत हलवलं. या पद्धतीने जे उरलं ते मराठीत देतो.

आत्ताची_वेळ:
"दिलेल्या टाइमझोनमधली या क्षणाची तारीख, वार आणि वेळ देते. वापरणाऱ्याला 'आत्ता', 'किती वेळ उरला', 'उशीर झाला का' यांपैकी काही कळायला हवं असेल तेव्हा बोलवा. तुमच्याकडे असलेली तारखेची समज जुनी आहे, तिच्यावर विसंबू नका. नुसती आजची तारीख हवी असेल आणि ती प्रॉम्प्टमध्ये असेल तर बोलवू नका. उत्तर त्या क्षणापुरतंच खरं आहे. टाइमझोन सक्तीचा, पूर्ण नावाने. माहीत नसेल तर वापरणाऱ्याला विचारा."

वेळ_बदल:
"विशिष्ट तारखेची विशिष्ट वेळ एका टाइमझोनमधून दुसऱ्यात करून देते. तारीख सक्तीची आहे, कारण दोन ठिकाणांमधला फरक वर्षभर सारखा नसतो. एका तारखेचं उत्तर दुसऱ्या तारखेला लावू नका. दर आठवड्याच्या कार्यक्रमासाठी प्रत्येक तारीख वेगळी विचारा. तोंडी सांगितलेली वेळ आधी पूर्ण स्वरूपात वाचून दाखवा. १९७० पूर्वीच्या वेळांसाठी, तसंच तिथी, सूर्योदय किंवा चंद्रोदयासाठी हे टूल नाही."

चंद्रोदयाचं शेवटचं वाक्य कुणी सुचवलं नव्हतं. संकष्टीला एका ताईंनी चंद्रोदय विचारला आणि एजंटने 'आत्ताची_वेळ' बोलावून, तिच्यात काहीतरी मिळवून वेळ सांगितली. चंद्रोदय गावागणिक बदलतो, पंचांगात शहरवार तक्ता असतो तो त्यासाठीच. उपास सोडायची वेळ एजंटने मनाने ठरवावी हे मला अजिबात मान्य नाही. आता तो म्हणतो की पंचांगात बघा.

"कारण दोन ठिकाणांमधला फरक वर्षभर सारखा नसतो", हे कारण मी एकदा काढून पाहिलं. तारीख सक्तीची असूनही मॉडेल आजची तारीख भरून मोकळं व्हायला लागलं. कारण दिलं की ते वर्गाची तारीख भरतं. नुसत्या नियमाने जे झालं नाही ते कारण सांगितल्यावर झालं. हे का होतं यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

दादरची_पहाट
२० नोव्हेंबर, पहाटे ४:३०

'कारण' हा शब्द आमच्याही वर्णनात घातला. "टाइमझोन दरवेळी द्या, कारण यंत्र यूटीसीवर आहे आणि भारतात पहाटे साडेपाचपर्यंत त्याची तारीख एक दिवस मागे असते." आत्ता बाजारातूनच विचारून पाहिलं. आज गुरुवार, २० नोव्हेंबर म्हणाला. शेवंतीचा आकडा वहीशी जुळला.

---

गिरगावकर
२० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

भाच्याकडून तोच प्रश्न पुन्हा विचारून घेतला, या वेळी तुमचं वर्णन लावून. एजंटने युद्धकाळाचा तास सांगितला, मुंबई टाइमही सांगितला, आणि म्हणाला की जन्मवेळ कोणत्या घड्याळाची होती हे घरातल्या कुणाला आठवत असेल तर विचारा. थोरल्या मावशीला फोन लावतोय.

---

पावणेसहा
२२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आजचा वर्ग साडेआठला वेळेवर सुरू झाला. त्याआधी त्याच ताईंनी एजंटला मार्चचे वर्ग विचारले. उत्तर असं आलं: "७ मार्चला रात्री ८:३०. ८ मार्चला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातील, त्यामुळे १४ मार्चपासून संध्याकाळी ७:३०." लॉगमध्ये टूल दोनदा बोलावलेलं आहे, दोन वेगळ्या तारखांना. ताईंनी दोन्ही वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या. मार्चचं पान अजून यायचंय म्हणून डिसेंबरच्या पानामागे.